टुंड्राच्या पोस्टडॉकला यावं का? कासच्या सड्यावरून निघालेल्या एकीला उमेओहून उत्तर

तू विचारलंयस की ताई, स्वीडनमधून उमेओ युनिव्हर्सिटीची दोन वर्षांची पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाची, ऑफर आलीये, फील्डवर्क आबिस्कोला, विषय टुंड्रातल्या वनस्पती आणि मायक्रोक्लायमेट (जमिनीलगतचं, जागेजागेला बदलणारं हवामान), पण माझी पीएचडी कासच्या सड्यावरची, म्हणजे कातळाच्या पठारावरची, बर्फ मी जन्मात बघितलेला नाही, सोबत नवरा आणि तीन वर्षांची मुलगी, तर येऊ का. माझं उत्तर ये असंच आहे. मी पण साताऱ्याकडचीच, हेच काम घेऊन आले आणि आता पाचवं वर्ष चालू आहे. पण हो कळवायच्या आधी काही गोष्टी पक्क्या करून घे, आणि त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट पगार नाहीये, जॉइन व्हायचा महिना आहे.

कसं ते सांगते. आबिस्को ६८ अंश उत्तरेला, आर्क्टिक सर्कलच्याही साधारण २०० किलोमीटर वर. तिथला बर्फ हटतो मे अखेर-जूनमध्ये, डोंगरातल्या खळग्यांत तर जुलैपर्यंत असतो, आणि ऑगस्ट संपता संपता बुटक्या बर्चची पानं लाल व्हायला लागतात, म्हणजे कामाचे खरे आठवडे दहा-बारा. दोन वर्षांत तुला उन्हाळे मिळणार दोनच, कधीही आलीस तरी. पण एप्रिल-मेमध्ये आलीस तर पहिल्या उन्हाळ्यात लॉगर (आपोआप तापमान नोंदवणारी छोटी यंत्रं) पुरशील, दुसऱ्यात वर्षभराचा डेटा काढशील आणि त्यानंतरचा अख्खा हिवाळा ॲनालिसिस आणि पेपरला मिळेल. सप्टेंबरात आलीस तर दुसरा उन्हाळा आणि कॉन्ट्रॅक्ट एकदमच संपतात, डेटा हातात आला की पगार बंद. मी सप्टेंबरात आले होते, माझ्या त्या कामाचा पहिला पेपर मी पुढच्या नोकरीत रात्री मुलाला झोपवून लिहिलाय, त्यामुळे हे मी अगदी कळकळीने सांगतेय. प्रोफेसरला सरळ मेल कर की मला उन्हाळ्याच्या आधी जॉइन व्हायचंय, कारण हे हे. असं विचारलेलं इथे कोणाला उद्धटपणा वाटत नाही, उलट हिने कामाचा विचार केलाय असंच वाटतं.

आता तुझी भीती, की सड्यावरचा अनुभव तिकडे काय कामाचा. अगं, तेच तर काम आहे! मे महिन्यात कासचा कातळ पायाला चटका देतो आणि हवामान खात्याचा आकडा त्याच्या जवळपासही नसतो, कारण तो मोजलेला असतो माणसाच्या उंचीवर, सावलीत, आणि सड्यावरची वनस्पती जगते जमिनीपासून चार बोटांच्या आत. टुंड्रात पण हेच, फक्त इथे प्रश्न उन्हापासून वाचायचा नाही तर ऊब धरून ठेवायचा. सायलीन अकॉलिस म्हणून एक वनस्पती आहे, हिरवी घट्ट उशी असते, वर बारीक गुलाबी फुलं. पहिल्या जुलैत मी न्युल्ला डोंगरावर तिच्यात तापमान मोजायचा प्रोब खुपसला, हवा होती ९ अंश, वारा असा की वही धरता येईना, आणि उशीच्या आत २३. वारा आत शिरत नाही, ऊन मुरतं आणि तिथेच राहतं. आणि आपला नदीकाठचा वाळुंज आठवतो ना, त्याचाच भाऊबंद सॅलिक्स हर्बेशिया इथे बर्फ उशिरा वितळणाऱ्या खळग्यांत असतो, झाडच ते, लाकूड असलेलं, पण उंची दोन-चार सेंटिमीटर. पहिल्यांदा ओळखलं तेव्हा मी गुडघ्यावर बसून किती वेळ नुसती बघत होते.

हिवाळ्याचं गणित मात्र नवीन आहे, ते येण्याआधी नीट समजून घे. बर्फ म्हणजे गोधडी. वर हवा उणे २५ असताना जाड बर्फाखालची जमीन शून्याच्या थोडीच खाली असू शकते, आणि दहा पावलांवरच्या कड्यावर, जिथे वारा बर्फ टिकू देत नाही, तिथली जमीन पार गोठलेली असते. म्हणजे एकाच डोंगरावर, एकाच दिवशी, दोन वेगळे हिवाळे. हे मोजायला इथे बहुतेक जण टॉम्स्ट नावाच्या चेक कंपनीचे लॉगर वापरतात, मशरूमसारखे दिसतात, जमिनीखाली, जमिनीलगत आणि वर वीतभर उंचीला असं तीन ठिकाणी तापमान घेतात, शिवाय मातीचा ओलावा, बहुतेक दर १५ मिनिटांनी. ग्राफमध्ये दिवस-रात्रीचा चढउतार सपाट झाला की समजायचं बर्फ पडून राहिला, वसंतात रेघ बरेच दिवस शून्यावर चिकटली की समजायचं वितळतोय.

पण ग्राफवर आंधळा विश्वास ठेवू नकोस. माझ्या एका प्लॉटवर, म्हणजे मोजणीसाठी आखलेल्या जागेवर, जमिनीखालचा सेन्सर मे महिन्यात रोज १५ अंशांनी वर-खाली होत होता, मी दोन आठवडे कारणं शोधत होते, शेवटी चढून जाऊन बघितलं तर गोठणाऱ्या-वितळणाऱ्या मातीने अख्खा लॉगर वर उचलून बाहेर काढलेला, खालचा सेन्सर उन्हात. तेव्हापासून प्रत्येक लॉगरचा पुरतानाचा आणि काढतानाचा फोटो काढते, बाजूला पट्टी ठेवून. तू पण पहिल्या दिवसापासून कर. आणि पुरताना माती चारी बाजूंनी घट्ट दाब, पोकळी राहिली की ओलाव्याचे आकडे फुकट जातात.

जागा म्हणशील तर याहून चांगली मिळणार नाही. तिथल्या संशोधन केंद्राकडे १९१३ पासूनच्या नोंदी आहेत, आणि वर्षाचं सरासरी तापमान जे पूर्वी शून्याखाली असायचं ते अलीकडच्या दशकांत शून्याच्या वर गेलंय. जवळच्या स्टोर्डालेनच्या दलदलीत पर्माफ्रॉस्ट, म्हणजे वर्षानुवर्षं गोठलेली जमीन, वितळून वरची जमीन खचतेय, ते डोळ्यांनी दिसतं. १९९० मध्ये सुरू झालेल्या आयटेक्स या टुंड्रावरच्या आंतरराष्ट्रीय प्रयोगाच्या पद्धतीचे, वरून उघडे सहा बाजूंचे पारदर्शक चेंबर इथल्या डोंगरात बघायला मिळतील, आत एक ते तीन अंश जास्त ऊब. एक लक्षात ठेव, हा डोंगर रिकामा नाहीये, सामी या इथल्या मूळ लोकांची रेनडिअर चरायची जमीन आहे ही. प्लॉट टाकायच्या आधी परवानगी कोणी घेतलीये आणि कळपाच्या वाटेत तर येत नाही ना हे विचार, केबल कमीत कमी ठेव. आणि बोर्डावरच्या स्वीडिश नावांसोबत सामी नावंही शिकून घे.

आता कागद. ऑफर लेटरमध्ये बघ, नोकरी लिहिलीये की स्टायपेंड. स्टायपेंडवर कर लागत नाही म्हणून आकडा छान दिसतो, पण आजारपणाचा पगार, पेन्शन, सुट्ट्यांचा हक्क यातलं काहीच नोकरीसारखं मिळत नाही, आणि लहान मूल असताना याने फार फरक पडतो. मी असते तर स्टायपेंडवर आले नसते. नोकरी असेल तर पगारातला साधारण चौथा हिस्सा करात जाईल असं धरून हिशोब कर, भरपगारी सुट्टी ३० च्या आतल्यांना २८ दिवस, ३० च्या पुढे ३१. परमिट रिसर्चरचं घे, तिघांचे अर्ज एकदम टाक, नवऱ्याला त्यावर काम करता येतं, आणि ते हातात येईपर्यंत विमानाची तिकिटं काढू नका. पोचल्यावर पहिलं काम पर्सननुमर, म्हणजे इथला ओळख क्रमांक, टॅक्स ऑफिसला तिघांनी स्वतः जायचं, वर्षभर किंवा जास्त राहणाऱ्यांनाच मिळतो तो नंबर, आणि त्याच्याशिवाय बँक, बँकआयडी (ऑनलाइन ओळख पटवायची सोय), सगळंच अडतं.

मुलीची काळजी करू नकोस. बालवाडीला अर्ज केला की चार महिन्यांत जागा द्यावी लागते असा कायदाच आहे, फी पण आवाक्यातली. खरा प्रश्न वेगळा आहे, उमेओपासून आबिस्को साधारण ७०० किलोमीटर, तू सलग पाच-सहा आठवडे तिकडे असशील आणि नवरा नव्या देशात एकटा मुलीला सांभाळेल. हे दोघांनी आत्ताच बसून बोला. माझ्या दुसऱ्या उन्हाळ्यात नवरा आणि मुलगा दोन आठवडे आबिस्कोला येऊन राहिले, प्रोफेसरला आधी सांगितलं होतं म्हणून खोलीची सोय झाली. हे पण त्या पहिल्याच मेलमध्ये विचार.

अंधाराबद्दल लोक फार घाबरवतात. आबिस्कोला डिसेंबरात महिनाभर सूर्य उगवत नाही, पण तेव्हा तू उमेओत असशील, तिथे चार-साडेचार तास उजेड असतो. दुपारी जेवायच्या सुट्टीत रोज बाहेर पडायचं, कितीही कंटाळा आला तरी. मला अंधारापेक्षा आबिस्कोतला जूनचा उजेड जास्त जड गेला, रात्री दोनला लख्ख ऊन, झोपच येईना, मग काळे जाड पडदे लावले. आतले कपडे लोकरीचे घे पण इथे येऊन घे, तिकडून महागडी जॅकेटं आणू नकोस. सुती बनियन फील्डवर अजिबात नको, घामाने भिजला की वाऱ्यात अंग गारठतं. जुलैत डासांची जाळी डोक्याला लागतेच.

बॅगेत गोडा मसाला, मेतकूट, कोकम भरपूर आण. तूप, पेढे, दुधाचं काहीही नको, युरोपात बाहेरून आणायला बंदी आहे, तूप इथल्या लोण्याचं उत्तम कढतं. आणि कासची माती, बिया, हर्बेरियम शीट (वाळवून कागदावर चिकटवलेले वनस्पतींचे नमुने) यातलं काहीही उचलून आणू नकोस, त्याला जैवविविधता कायद्याची परवानगी लागते, तुलना करायची असेल तर लॉगरचा डेटा आण. तुझ्याकडे सड्याचे तीन वर्षांचे आकडे आहेत असं लिहिलंयस ना? ते एका शीटमध्ये नीट लाव आणि आर (R) या आकडेवारीच्या प्रोग्रामिंग भाषेत त्यांचे ग्राफ काढायला आत्ताच बस, इथे आलीस की पहिल्याच ग्रुप मीटिंगला तेच दाखव.