शेतात असताना विजा कडाडायला लागल्या तर झाडाखाली थांबावं का?

अजिबात नाही. आमच्या मराठवाड्यात वळवाचा पाऊस आला की माणसं बैलं घेऊन सरळ लिंबाखाली नाहीतर आंब्याखाली पळतात आणि तिथंच घात होतो, कारण वीज उंच वस्तूवर पडते आणि झाडातून बाजूच्या माणसावर उडी मारते, शिवाय जमिनीतूनही पसरते. पक्कं घर किंवा पत्र्याचं टप असलेली बंद गाडी गाठायची, टू व्हीलर न् ट्रॅक्टर नाही चालत.

वीज चमकल्यावर आकडे मोजा, आवाज 3 सेकंदात साधारण 1 किलोमीटर येतो, म्हणजे 30 सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर धोका डोक्यावरच आहे समजा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी बाहेर पडू नका.

काहीच आडोसा नसेल तर पाय जुळवून उकिडवे बसा, आडवं मात्र पडू नका. विहीर, मोटर, तारेचं कुंपण यांच्यापासून लांब. मोबाईलमुळे वीज पडते हे मात्र काहीतरीच, उलट पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप टाकून ठेवा.

आणि हो, वीज पडलेल्या माणसाला हात लावला तर शॉक बसत नाही, श्वास बंद असेल तर लगेच छाती दाबायला घ्या, दुसऱ्याला 108 लावायला सांगा.