वाचकांचे प्रश्न : नवे मॉडेम, जुन्या कमांड

सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी एकाच विषयाभोवती फिरणारी चार पत्रे या वेळी निवडली आहेत. उपकरण नवे आले, पण त्यावर लक्ष ठेवणारे सॉफ्टवेअर जुन्याच कमांड पाठवत राहिले, असे या पत्रांतील बहुतेक अडचणींचे मूळ आहे. कमांड येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. प्रत्यक्ष वापरताना त्या रोमन अक्षरांतच टंकाव्यात.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या बार्शी, मोहोळ, अक्कलकोट आणि मंगळवेढा येथील शाखांत सिमकार्डवर चालणारे मॉडेम आहेत. मुख्य कार्यालयातील एक प्रोग्राम ठरावीक वेळाने प्रत्येक मॉडेमची स्थिती विचारतो आणि नेटवर्क नसल्यास मॉडेम रीस्टार्ट करतो. ३जी सेवा बंद झाल्यावर आम्ही सर्वत्र ४जी मॉडेम बसवले. इंटरनेट व्यवस्थित चालते, तरी काही शाखांबाबत प्रोग्राम ‘नेटवर्क नाही’ असे दाखवतो, मॉडेम सारखा रीस्टार्ट करतो आणि काउंटरवरचे व्यवहार मध्येच तुटतात. प्रोग्राम लिहून देणारे गृहस्थ आता सोलापुरात नाहीत. नवा प्रोग्राम विकत घ्यावा का?
— शाखा समन्वयक, जुळे सोलापूर

उत्तर : आपल्या पत्रावरून तरी नवा प्रोग्राम घेण्याची गरज दिसत नाही. मात्र आपोआप रीस्टार्ट करणारा भाग आजच बंद करा. ज्या प्रोग्रामचे निदान चुकते आहे, त्याच्या हाती मॉडेम बंद करण्याचा अधिकार ठेवणे धोक्याचे आहे, कारण काउंटरवर पैसे भरायला उभ्या असलेल्या सभासदाला त्याचा थेट त्रास होतो.

मॉडेमला द्यायच्या या कमांड ‘एटी’ या दोन अक्षरांनी सुरू होतात. १९८१ साली हेज कंपनीच्या स्मार्टमॉडेमबरोबर त्यांची पद्धत रूढ झाली आणि पुढे मोबाइल मॉडेमसाठी ३जीपीपी या संस्थेने २७.००७ क्रमांकाच्या मानकात त्यांचा विस्तृत संच ठरवून दिला. इतकी जुनी पद्धत अजून टिकून आहे ही सोयीची गोष्ट आहे, पण अडचणही तिच्यातूनच येते. जुनी कमांड नव्या मॉडेमला पाठवली तर बहुधा तो ‘एरर’ देत नाही, निमूटपणे उत्तर देतो. आणि उत्तर मिळाले म्हणून प्रोग्राम ते प्रमाण मानतो.

आपला प्रोग्राम ‘एटी+सीआरईजी?’ ही कमांड पाठवत असावा. मॉडेम सर्किट-स्विच्ड नेटवर्कवर, म्हणजे २जी आणि ३जीमध्ये ज्यावरून कॉल होत असत त्या नेटवर्कवर नोंदला गेला आहे का, एवढेच ही कमांड विचारते. उत्तरातील दुसरा आकडा १ असेल तर सिम ज्या कंपनीचे तिच्याच नेटवर्कवर नोंदणी झालेली असते, ५ म्हणजे रोमिंगमध्ये नोंदणी, २ म्हणजे शोध चालू आणि ३ म्हणजे नोंदणी नाकारली. ४जीमध्ये सर्किट-स्विच्ड भागच नाही, त्यामुळे तेथील नोंदणी ‘एटी+सीईआरईजी?’ या कमांडने विचारावी लागते. ज्या कंपनीचे २जी नेटवर्क अजून चालू आहे आणि जी कॉलसाठी त्याचा आधार घेते, तिच्या सिमवर जुन्या कमांडलाही १ हे उत्तर मिळू शकते. एकाच बनावटीचा मॉडेम एका शाखेत बरोबर आणि दुसऱ्या शाखेत चुकीचा दिसण्यामागे हे कारण असू शकते, म्हणून कोणत्या शाखेत कोणत्या कंपनीचे सिम आहे याची यादी आधी समोर ठेवा.

यानंतर चुकीची स्थिती दाखवणारी एकच शाखा, समजा मोहोळ, निवडा आणि तेथील मॉडेमला लॅपटॉप जोडून टर्मिनलवरून, म्हणजे कमांड टंकण्याच्या खिडकीतून, हाताने प्रश्न विचारा. सुरुवातीला ‘एटी+सीएमईई=२’ द्यावे, म्हणजे नुसत्या ‘एरर’ऐवजी सिम नाही, पिन हवा, ही क्रिया उपलब्ध नाही, अशी कारणे शब्दांत मिळतात. ‘एटी+सीजीएमएम’ने मॉडेल आणि ‘एटी+सीजीएमआर’ने फर्मवेअरची, म्हणजे मॉडेमच्या आतल्या सॉफ्टवेअरची, आवृत्ती विचारून दोन्ही वहीत नोंदवून ठेवा, कारण एकाच मॉडेलच्या दोन फर्मवेअर आवृत्त्यांची वागणूक वेगळी असू शकते. मग नोंदणीच्या दोन्ही कमांड एकापाठोपाठ द्या. पहिलीला ‘+सीआरईजी: ०,३’ आणि दुसरीला ‘+सीईआरईजी: ०,१’ असे उत्तर आले, तर निदान पक्के झाले.

सिग्नलच्या आकड्याकडेही येथेच पाहून घ्यावे. जुने प्रोग्राम ‘एटी+सीएसक्यू’ वापरतात. तिचे पहिले उत्तर ० ते ३१ या मोजपट्टीवर येते, ० म्हणजे उणे ११३ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचे माप) किंवा त्याहून कमी, ३१ म्हणजे उणे ५१ किंवा त्याहून जास्त, आणि ९९ म्हणजे माहिती नाही. ४जीची खरी अवस्था समजण्यासाठी ‘एटी+सीईएसक्यू’ अधिक उपयोगी आहे. तिचे उत्तर सहा आकड्यांचे असते, उदाहरणार्थ ‘९९,९९,२५५,२५५,१८,४१’. पहिले चार आकडे २जी-३जीचे असल्यामुळे ४जीवर ते ‘माहिती नाही’ असेच येतात. शेवटचा ४१ हा ४जीचा सिग्नल असून त्यातून १४१ वजा केले की साधारण उणे १०० डीबीएम मिळते. कमांडचे नाव बदलले, पण प्रोग्राम पूर्वीसारखा पहिलाच आकडा वाचत राहिला, तर उत्तम सिग्नल असतानाही त्याला ९९ दिसेल. कमांड अद्ययावत करणे म्हणजे तिचे उत्तर वाचण्याची रीतही अद्ययावत करणे, हे अनेक ठिकाणी राहून जाते.

उत्तर वाचण्याच्या रीतीत आणखी एक खाच आहे. आपण विचारल्यावर मॉडेम ‘+सीईआरईजी: १,१’ असे दोन आकडे देतो, पण नोंदणी बदलताच आपणहून कळवण्याची सोय चालू असेल, तर तीच ओळ ‘+सीईआरईजी: १’ अशी एका आकड्याची येते. शिवाय तपशील मागितल्यास टॉवरच्या सेलचा क्रमांकही येतो. तो २जीमध्ये चार हेक्स (सोळा चिन्हांच्या पद्धतीतील) अंकांत मावत असे, ४जीमध्ये तो त्याहून लांब असतो. ‘अमुक अक्षरापासून अमुक अक्षरापर्यंत’ असे मोजून तुकडे पाडणारा प्रोग्राम येथे हमखास चुकतो. ओळ स्वल्पविरामांवर तोडावी आणि किती भाग आले ते पाहूनच अर्थ लावावा.

आता दुरुस्ती कशी करावी, याबद्दल माझे ठाम मत सांगतो. सोलापुरात जेकार्ड मागावर चादरीची नक्षी बदलायची असते तेव्हा कोणी माग मोडून नवा बांधत नाही, पंचकार्डांचा संच बदलतो. कमांडही प्रोग्रामच्या पोटात न ठेवता प्रत्येक मॉडेलसाठी वेगळ्या फाइलमध्ये ठेवाव्यात : नोंदणी कशी विचारायची, सिग्नल कितव्या आकड्यात आहे, रीस्टार्टची कमांड कोणती, उत्तरासाठी किती वेळ थांबायचे. प्रोग्रामने सुरुवातीला मॉडेमला मॉडेल विचारावे आणि जुळणारी फाइल उघडावी. जुळणारी फाइल नसेल तर केवळ माहिती वाचावी, कोणतीही स्थिती बदलू नये. उद्या एखाद्या शाखेत ५जी मॉडेम आला, तर एक नवी फाइल पुरेल. ४जीच्या आधाराने चालणाऱ्या ५जीमध्ये नोंदणी ‘सीईआरईजी’वरच दिसते आणि स्वतंत्र ५जी नेटवर्कवर ‘सी५जीआरईजी’वर, एवढा भेद त्या फाइलमध्ये नोंदवावा लागेल. हे काम संगणकाचे शिक्षण घेतलेल्या स्थानिक तरुणाला जमण्याजोगे आहे, आणि कोणी तसा भेटल्यास त्याच्याकडून ते करून घेण्यात संस्थेचा खर्चही मर्यादित राहील. बदल मोहोळला काही दिवस चालवून पाहावा, मग उरलेल्या शाखांत एकेक करून न्यावा आणि रीस्टार्टचा अधिकार सर्वांत शेवटी परत द्यावा. तोही लागोपाठ अनेक तपासण्यांत नोंदणी नसल्याचे आढळले तरच.

प्रश्न : अक्कलकोट रस्ता औद्योगिक वसाहतीतील आमच्या टॉवेल कारखान्यात १ गिगाबिटचा नवा स्विच आणि फायबर जोडणी घेतली. नेटवर्कच्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त स्विचचा पत्ता बदलला. सॉफ्टवेअर दर ५ मिनिटांनी वाचन घेते. रात्री कॅमेऱ्यांचे चित्रीकरण दुसऱ्या इमारतीत साठवले जाते तेव्हा वाहतूक पुष्कळ असते, पण आलेख ११४ मेगाबिटच्या वर कधीच जात नाही. उलट कधी कधी अगदी खाली येतो. स्विच सदोष आहे का?
— देखभाल विभाग, सोलापूर

उत्तर : स्विचवर संशय घेऊ नका. आपण ११४ हा आकडा लिहिलात, त्यातच उत्तर आहे.

आपले सॉफ्टवेअर एसएनएमपी या नेटवर्क उपकरणांची स्थिती विचारण्याच्या पद्धतीने ‘इफ-इन-ऑक्टेट्स’ हा आत येणाऱ्या बाइटांचा मोजणीआकडा वाचत असणार. तो ३२ बिटांचा आहे, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ बाइट मोजून झाले की तो पुन्हा शून्यावर येतो. १०० मेगाबिटची जोडणी पूर्ण भरून वाहिली तरी त्याला फेरा पूर्ण करायला सुमारे ३४३ सेकंद लागतात, त्यामुळे ३०० सेकंदांनी घेतलेले वाचन जुन्या स्विचवर बरोबर येत होते. १ गिगाबिटवर हाच फेरा सुमारे ३४ सेकंदांत होतो. दोन वाचनांच्या मध्ये कितीही फेरे झाले तरी सॉफ्टवेअर जास्तीत जास्त एकच धरते, आणि ३०० सेकंदांत एका फेऱ्याची सरासरी ११४ मेगाबिटच्या जरा वर येते. आपला आलेख त्याच छताला अडतो आहे. तो अचानक खाली येतो तेव्हाही वाहतूक कमी झालेली नसते, मोजणीआकडा नुकताच शून्याजवळून गेलेला असतो.

यावर ‘इफ-एचसी-इन-ऑक्टेट्स’ हा ६४ बिटांचा मोजणीआकडा वाचावा आणि बाहेर जाणाऱ्या वाहतुकीसाठी त्याचा जोडीदार ‘इफ-एचसी-आउट-ऑक्टेट्स’ घ्यावा. मात्र एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत ६४ बिटांचे मोजणीआकडे नाहीतच. सॉफ्टवेअरमध्ये आवृत्ती ‘१’ निवडलेली राहिली, तर कमांड बरोबर असूनही उत्तर येणार नाही. किमान ‘२सी’ निवडा. स्विचमध्ये तिसऱ्या आवृत्तीची सोय असेल तर तीच घ्या, कारण २सीमध्ये पासवर्डासारखा वापरला जाणारा कम्युनिटी शब्द नेटवर्कवर उघडा फिरतो आणि अनेक ठिकाणी तो मूळचा ‘पब्लिक’ असाच राहिलेला असतो.

प्रश्न : बार्शी भागात माझी छोटी ब्रॉडबँड सेवा आहे. ग्राहकांच्या घरच्या राउटरचे वायफायचे नाव आणि पासवर्ड मी कार्यालयातून टीआर-०६९ पद्धतीने बदलून देतो. नव्या राउटरवर हीच स्क्रिप्ट ९००५ हा दोष देते आणि एकही बदल होत नाही.
— एक ब्रॉडबँड व्यावसायिक

उत्तर : ९००५ म्हणजे पॅरामीटरचे, म्हणजे बदलायच्या सेटिंगचे, नाव अवैध. आपले जुने राउटर टीआर-०९८ या माहितीरचनेचे आहेत आणि त्यांची नावे ‘इंटरनेटगेटवेडिव्हाइस’ या मुळापासून सुरू होतात. नवे राउटर टीआर-१८१ रचनेचे असावेत. त्यांचे मूळ नुसते ‘डिव्हाइस’ असते. मुळाचे नाव बदलून मात्र भागणार नाही, कारण पूर्वी वायफायचे नाव आणि पासवर्ड ‘डब्ल्यूलॅनकॉन्फिगरेशन’ या एकाच शाखेखाली होते, ते आता वेगळे झाले आहेत. नाव ‘डिव्हाइस.वायफाय.एसएसआयडी.१.एसएसआयडी’ येथे मिळते आणि पासवर्ड ‘डिव्हाइस.वायफाय.ॲक्सेसपॉइंट.१.सिक्युरिटी.कीपासफ्रेज’ येथे.

यातील ‘१’ या क्रमांकावर विसंबू नका. तो २.४ गिगाहर्ट्झचा की ५ गिगाहर्ट्झचा, हे राउटरनुसार बदलते. ॲक्सेसपॉइंटमधील ‘एसएसआयडीरेफरन्स’ आणि एसएसआयडीमधील ‘लोअरलेअर्स’ ही पॅरामीटर वाचली की कोणते नाव कोणत्या रेडिओचे ते निश्चित कळते. स्क्रिप्टने आधी ‘गेटपॅरामीटरनेम्स’ पाठवून राउटरकडूनच नावांची यादी मागवावी आणि मूळ पाहून रस्ता ठरवावा. एकही बदल न होण्याचे कारण असे की, एका मागणीतील सर्व बदल एकत्र लागू होतात किंवा एकही होत नाही, असा या पद्धतीचा नियम आहे. ग्राहकाचे राउटर अर्धवट बदललेल्या अवस्थेत राहत नाही, हा त्याचा फायदा. म्हणून हा नियम टाळण्यासाठी मागण्या तोडून पाठवू नका.

प्रश्न : महाविद्यालयीन प्रकल्पासाठी मी लिनक्सवर यूएसबी मॉडेम वापरतो. माझा प्रोग्राम कधी मॉडेमशी बोलतो, कधी नाही; शिवाय उत्तरांत मी न विचारलेल्या गोष्टीही येतात.
— विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : दोन कारणे शक्य आहेत आणि दोन्ही एकाच वेळी असू शकतात. मॉडेम काढून घातला की ‘टीटीवाययूएसबी०’ या पोर्टचा क्रमांक बदलू शकतो, शिवाय एकाच मॉडेमचे अनेक पोर्ट दिसतात आणि त्यांतले सगळेच एटी कमांड स्वीकारत नाहीत. म्हणून ‘/डेव्ह/सीरियल/बाय-आयडी’ या फोल्डरमधील कायमचे नाव वापरा. न विचारलेली उत्तरे बहुधा लिनक्सवर मॉडेम सांभाळणाऱ्या मॉडेममॅनेजर या सेवेमुळे येतात, कारण ती त्याच पोर्टवर स्वतःच्या कमांड पाठवत असते. एकतर यूडेव्हच्या (लिनक्समध्ये उपकरणे ओळखणाऱ्या भागाच्या) नियमात ‘आयडी_एमएम_डिव्हाइस_इग्नोर’ लिहून तिला हा मॉडेम सोडायला सांगा, नाहीतर आपण पोर्ट उघडूच नका आणि सर्व माहिती ‘एमएमसीएलआय’ या कमांडने तिच्याकडूनच घ्या. नव्या मॉडेमसाठी दुसरा मार्ग बरा, कारण त्यांतील अनेक मॉडेम एटीऐवजी क्यूएमआय किंवा एमबीआयएम पद्धतीने बोलतात आणि तो भेद मॉडेममॅनेजर स्वतः सांभाळतो.