रॉबर्टो क्लेमेंटेची म्हणून विकायला आलेली जुनी बेसबॉल जर्सी खरी आहे का, हे कसं तपासायचं? आणि तिची श्रेणी कशी ठरते?

तुम्ही पिट्सबर्गला राहता. तिथल्या एका जुन्या घरातलं सामान विकायला निघालंय आणि त्यात पिट्सबर्गच्याच पायरेट्स या बेसबॉल संघाची लोकरी जर्सी आहे. पाठीवर 21 आकडा आहे, सोबत ‘ही क्लेमेंटेने (त्या संघाच्या गाजलेल्या खेळाडूने) 1965 च्या हंगामात घातली होती’ असं घरच्यांचं पत्र आहे. ती घ्यावी का, तपासावी कशी आणि ‘ग्रेड’ म्हणजे नेमकं काय, असं तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं अमेरिकेत अशा जर्सी गोळा करतो. माझं पहिलं सांगणं हेच की पत्र शेवटी वाचा. पत्र माणसाने लिहिलेलं असतं आणि त्याच्या आठवणीत दोन-चार वर्षं सहज इकडची तिकडे होतात. कापडाचं तसं होत नाही.

तुमच्या जर्सीची सर्वांत सोपी परीक्षा एका नजरेत होते. तिला बाह्या आहेत का? पायरेट्स 1957 पासून 1970 च्या मध्यापर्यंत बिनबाह्यांची जर्सी घालत आणि आत बाह्यांचा वेगळा शर्ट असे. ‘1965 ची पायरेट्स’ म्हणून दाखवलेल्या जर्सीला बाह्या असतील, तर ती मुख्य संघाच्या सामन्यात वापरलेली नाही. पुढचं काहीही न बघता निघून या.

बाह्या नसतील तर कापड बघा. तेव्हाच्या जर्सी फ्लॅनेलच्या, म्हणजे लोकर किंवा लोकर-सुती मिश्रणाच्या असत. 16 जुलै 1970 ला पायरेट्स थ्री रिव्हर्स स्टेडियममध्ये खेळायला आले, तेव्हा विणलेल्या पॉलिएस्टरची ताणली जाणारी, डोक्यातून घालायची जर्सी त्यांनी मोठ्या लीगमध्ये सर्वांत आधी आणली. पुढच्या दोन-तीन वर्षांत बाकीचे संघही फ्लॅनेल सोडून तिकडे वळले. त्यामुळे कापडावरून काळाची एक कड पक्की होते. इतर संघांच्या जर्सींवर बिल्लेही असेच कामी येतात. 1939 मध्ये बेसबॉलच्या शताब्दीचा बिल्ला सगळ्या संघांनी लावला होता, 1951 मध्ये नॅशनल लीगच्या (मेजर लीगच्या दोन गटांपैकी एका गटाच्या) 75 वर्षांचा होता. बिल्ला काढून टाकला असला तरी त्या जागी सुईची भोकं आणि थोडा गडद राहिलेला ठसा दिसतो.

आता जर्सी उलटी करा. मी सर्वाधिक वेळ इथेच घालवतो, आणि फसवणूक उघडी पडते तीही बहुतेक वेळा इथेच. आकडे आणि अक्षरं फेल्टची कापून शिवलेली असत. हंगामभर धुतल्यावर फ्लॅनेल आटतं, त्यावरचं फेल्टही आटतं, आणि दोन्ही मिळून शिवणीपाशी बारीक चुण्या पडतात. पन्नास वेळा धुतलेल्या कापडावर आकडा मात्र इस्त्री केल्यासारखा सपाट बसला असेल, तर तो नंतर लावलाय. मग भिंग घेऊन आतून टीप बघत जा. प्रत्येक भोकात दोरा आहे का? दोरा नसलेली, आताच्या आकड्याच्या कडेशी न जुळणारी भोकांची ओळ दिसली, तर तिथे आधी दुसरा आकडा होता. उजेडाकडे धरली की कधी कधी त्या जुन्या आकड्याची पूर्ण सावली वाचता येते.

दुसरा आकडा असणं म्हणजे लबाडीच, असं मात्र समजू नका. तेव्हा जर्सी ही जपून ठेवायची वस्तू नव्हती, कामाचे कपडे होते. हंगाम संपला की संघ त्या खालच्या लीगमधल्या आपल्या दुय्यम संघांना देत. तिथे छातीवरचं नाव उसवलं जाई, आकडा बदले, फाटलेलं रफू होई. पायरेट्सचा त्या काळातला सर्वांत वरचा दुय्यम संघ ओहायोतला कोलंबस जेट्स होता. अशी खाली गेलेली जर्सी नंतर कुणीतरी मूळ रूपात आणते, म्हणजे ‘रिस्टोअर’ करते. हे उघड सांगितलं असेल तर ती प्रामाणिक वस्तू आहे, किंमत फक्त कमी होते. लपवलं असेल तर तो गुन्हा आहे. तुमच्या 21 खाली 34 ची सावली निघाली, तर जर्सी खरी, पण क्लेमेंटेची नाही.

गळ्यापाशी आणि खालच्या घेराच्या आत कंपनीचं लेबल असतं. रॉलिंग्ज, विल्सन, स्पाल्डिंग, मॅकग्रेगर ही त्या काळातली मोठी नावं. लेबलची रचना दर काही वर्षांनी बदलत असे. त्यामुळे ते कोणत्या कंपनीचं आहे एवढं बघून भागत नाही, ते त्याच वर्षांतलं आहे का हे बघावं लागतं. जवळच साखळी टाक्यात खेळाडूचं नाव, आकडा, वर्ष, आणि कधी कधी संच क्रमांक शिवलेला असतो, कारण खेळाडूला एकाच प्रकारच्या साधारण दोन-दोन जर्सी मिळत. तुमच्या जर्सीतलं हे सगळं त्याच संघाच्या, त्याच वर्षाच्या, आधीच खऱ्या ठरलेल्या जर्सीच्या फोटोशी ताडून बघा. मोठ्या लिलावगृहांच्या जुन्या विक्रींचे मोठ्या आकाराचे फोटो पाहायला मिळतात, आणि माझ्या मते शिकायला त्याहून चांगली शाळा नाही.

अतिनील टॉर्च जवळ ठेवा. हल्लीचे बरेच कृत्रिम दोरे त्या उजेडात निळसर पांढरे चमकतात, जुना सुती दोरा मंद राहतो. फक्त एक धोका लक्षात ठेवा. जुनी जर्सी कुणी आजच्या पावडरने धुतली असेल, तर पावडरमधल्या उजळकांमुळे सगळं कापडच चमकतं. म्हणून पूर्ण कापड चमकलं तर घाबरू नका, एकट्या आकड्याचा किंवा लेबलाचाच दोरा चमकला तर मात्र थांबा. आणि घेतलीत तर कृपा करून ती धुऊ नका. घामाचे डाग, मातीची छटा, बॅटवरच्या राळेचा काळपटपणा हाच तिच्या आयुष्याचा पुरावा आहे.

मळ आणि झीज कुठे आहे, याला अर्थ असतो. गळ्याची कड, गुंड्यांची भोकं, पट्ट्याखाली खोचलेला घेर इथे खरी झीज हळूहळू येते आणि ती एकसारखी नसते. पॉलिश कागदाने घासलेली झीज सगळीकडे सारखी दिसते. कसर लागलेली भोकं ही पेटीतल्या वर्षांची खूण, मैदानावरची नव्हे.

एवढं सगळं जमलं तरी एक प्रश्न उरतो. संघाने क्लेमेंटेसाठी शिवून घेतलेली जर्सी ‘गेम-इश्यूड’, आणि ती अंगात घालून तो खेळला तर ‘गेम-वोर्न’. हे सिद्ध करायचा सर्वांत भक्कम मार्ग म्हणजे फोटो-मॅच. अक्षरं हाताने ठेवून शिवलेली असल्यामुळे ‘पायरेट्स’मधलं एखादं अक्षर गुंडीपासून किती अंतरावर आहे, कुठे किंचित कललंय, हे प्रत्येक जर्सीत बोटांच्या ठशासारखं वेगळं असतं. तारीख माहीत असलेल्या जुन्या फोटोत तेच अंतर, तोच कल, तेच रफू दिसलं तर जुळलं. विक्रेते ‘स्टाइल-मॅच’ दाखवून त्यालाच फोटो-मॅच म्हणतात, तिथे सावध राहा. स्टाइल-मॅचमध्ये फोटोत तशाच प्रकारची जर्सी दिसते, एवढंच सिद्ध होतं.

फोटो-मॅचचं वजन किती, याचं उदाहरण बेब रूथ या न्यूयॉर्क यांकीजच्या दिग्गज खेळाडूच्या एका राखाडी जर्सीचं आहे. 2005 मध्ये ती सुमारे 9 लाख 40 हजार डॉलरला गेली. नंतर एकापेक्षा अधिक संस्थांनी ती 1932 च्या वर्ल्ड सिरीजच्या (हंगामाच्या अंतिम मालिकेच्या) शिकागोतल्या तिसऱ्या सामन्याच्या फोटोंशी जुळवली. चेंडू कुठे मारणार ते रूथने आधी बोटाने दाखवलं आणि मग होम रन मारला असं ज्या सामन्याबद्दल सांगतात, तोच हा सामना. ऑगस्ट 2024 मध्ये तिला 2 कोटी 41 लाख 20 हजार डॉलर मिळाले.

श्रेणीचं म्हणाल तर बेसबॉल कार्डांचा हिशेब डोक्यातून काढा. कार्ड जितकं कोरं तितकं मोलाचं, जर्सीचं तसं नाही. जर्सी तपासणारी मीअर्स ही संस्था A1 ते A10 अशी श्रेणी देते. लेबल, आकडे आणि अक्षरं मूळची असणं, वापराच्या खुणा दिसणं, मालकीची साखळी पक्की असणं यांवर ती वर जाते. आकडा बदलणं, नाव उसवणं, नवी अक्षरं लावणं यांनी खाली येते. म्हणून नुसता अंक विचारू नका. गुण कशासाठी कापले, ते संस्थेने सोबत दिलेल्या पत्रात वाचा. स्पष्टच सांगायचं तर मी मूळ आकडे असलेली A7 घेईन, पुन्हा जोडलेल्या अक्षरांची A8 नाही.

वस्तूच्या खरेपणाची खूण म्हणून मेजर लीग बेसबॉलचं हॉलोग्राम लावायचं अधिकृत काम 2001 मध्ये सुरू झालं, त्यामुळे 1965 च्या जर्सीवर सामन्याच्या दिवशी लावलेलं हॉलोग्राम असू शकत नाही. कुणी तसं म्हणालं तर तेवढंच कारण पुरे.

क्लेमेंटे 31 डिसेंबर 1972 ला निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघाला आणि सान हुआनजवळ समुद्रात विमान कोसळून गेला. त्याच्या वस्तूंबद्दल लोकांना किती जिव्हाळा आहे, हे पिट्सबर्गमध्ये राहून तुम्हाला माहीतच असेल. त्याच जिव्हाळ्यावर खोटा धंदा चालतो, म्हणून 21 आकड्याला इतर आकड्यांपेक्षा दुप्पट कडक कसोटी लावा.

आता व्यवहाराचं. पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून लेखी घ्या की फोटो-मॅच करणाऱ्या स्वतंत्र संस्थेने नाकारली तर रक्कम परत. घरच्यांच्या पत्रात जर्सी कोणाकडून, कोणत्या वर्षी, कशी आली हे नाव-गावासकट आहे का बघा, आणि त्या माणसाचा संघाशी संबंध होता का, ते जुन्या वर्तमानपत्रांत शोधा. तपासणीसाठी पुढून-मागून, दोन्ही लेबलांचे, घेराच्या आतले आणि आकड्यांच्या उलट्या बाजूचे फोटो सपाट पृष्ठभागावर, दिवसाच्या उजेडात काढा. ते इथे टाकलेत तर मी नक्की बघेन.