कथालेखकांच्या शंका : परदेशी घरकामगार स्त्री रंगवताना

प्रश्न : हाँगकाँगमध्ये घरकाम करणाऱ्या फिलिपिनो बाईवर कथा लिहितो आहे. मालकीण तिला छळते. खर्डा वाचून सगळे विचारतात, ‘मग ही नोकरी सोडत का नाही?’ तिला भित्री दाखवायचं नाही.

उत्तर : मग हिशेबी दाखवा. कायद्याने ती एक महिन्याची नोटीस देऊन कधीही नोकरी सोडू शकते. मारहाणीची भीती असेल तर नोटिशीशिवायही. घोडं अडतं ते त्यानंतर. 1987 पासून तिथे दोन आठवड्यांचा नियम आहे. करार मुदतीआधी संपला की 14 दिवसांत हाँगकाँग सोडायचं, व्हिसा त्याआधीच संपत असेल तर त्याहून लवकर. नवा मालक मिळाला तरी बहुधा मायदेशी जाऊन नव्या व्हिसाची वाट पाहावी लागते. तेवढे दिवस पगार नाही आणि कर्जाचे हप्ते मात्र चालू.

या कर्जाबद्दल लेखक फार मोघम लिहितात. हाँगकाँगच्या एजन्सीला पहिल्या महिन्याच्या पगाराच्या 10 टक्क्यांहून जास्त दलाली घेता येत नाही, आणि फिलिपिन्सने घरकामगारांकडून नेमणुकीची फी घ्यायला 2006 मध्येच बंदी केली. म्हणून पैसा ‘प्रशिक्षण’ वगैरे नावांखाली काढला जातो किंवा तिच्याच नावावर सावकारी कंपनीचं कर्ज काढलं जातं. तुमच्या नायिकेचं कर्ज किती, कोणाचं आणि जामीन कोण, हे ठरवून टाका. जामीन धाकटी बहीण असेल तर वसुलीवाले तिच्या दारात जाणार. नायिकेने तक्रार केली असं दाखवणार असाल तर आणखी एक पेच लक्षात घ्या : दावा चालू असताना तिला पाहुण्यांच्या व्हिसावर तिथे राहता येतं, काम करता येत नाही. त्यामुळे कमी रकमेवर तडजोड करणारी नायिका वाचकाला सहज पटेल.

प्रश्न : माझ्या नायिकेला स्वतःची खोलीच नाही. तिचं खासगी आयुष्य कुठे दाखवू?

उत्तर : हाँगकाँगमध्ये 2003 पासून मालकाच्या घरीच राहण्याची सक्ती आहे, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. लिहायला बसण्याआधी तिथला छापील सरकारी करारनामा वाचा. त्याच्या परिशिष्टात मालकाने घराचं क्षेत्रफळ भरायचं असतं. घरात प्रौढ किती, मुलं किती, तान्ही किती, सतत देखभाल लागणारी माणसं किती, हेही. पुढे बाईला स्वतंत्र खोली आहे का? नसेल तर ती कुठे झोपणार : मुलाबरोबर असेल तर मुलाचं वय काय, की आडोसा केलेल्या जागेत? त्याखाली दिवा-पाणी, संडास-न्हाणी, पलंग, पांघरूण, उशी, कपाट यांच्यापुढे हो की नाही ते भरायचं. हा फॉर्म तुमच्या पात्रांसाठी भरून पाहा. पन्नास पानांचं वर्णन लिहिणं वाचेल.

आता त्यात काळ घाला. पहिल्या करारात ‘मुलीबरोबर, वय 5’ असं लिहिलं आहे. करार दोन वर्षांचा. तीनदा नवा झाला की मुलगी 11 वर्षांची होते आणि तिला आपली खोली हवी असते. नायिकेची गादी दिवाणखान्यात येते. घरचे टीव्ही बंद करेपर्यंत तिला ती पसरता येत नाही. मुलीला हाताने वाढवलं तीच आता दार लावून घेते, आणि यात कोणाचीच चूक नाही.

राहता राहिलं न्हाणीघर. आतून कडी लागणारी बहुधा तेवढी एकच जागा असते, म्हणून लेखक नायिकेला हटकून तिथे रडवतात. तिला तिथे पैसे पाठवल्याचा नंबर घरी कळवू द्या, पगाराची बेरीज करू द्या. शिवाय चार्जर कुठे लावते, दिवाणखान्यातल्या कॅमेऱ्यात काय येतं आणि काय येत नाही, हे तिला नेमकं ठाऊक असतं. तुम्हालाही असायला हवं.

प्रश्न : रात्री काम आटोपून ती मुलाला फोन करते तेव्हा गावी पहाट झालेली असते. हे बरोबर आहे ना?

उत्तर : हाँगकाँग, सिंगापूर आणि फिलिपिन्स यांचं घड्याळ एकच, त्यामुळे तिथे चूक. नायिका इंडोनेशियाची असेल, तर तिथलं जावा बेट फक्त तासभर मागे. कुवेतमध्ये मात्र बरोबर : तिथे रात्रीचे 11 म्हणजे मनिलात पहाटेचे 4. मूल झोपलेलं, म्हणून ती आवाजी निरोप ठेवते आणि उत्तर तिला मध्यरात्र उलटल्यावर येतं.

देश बदलला की बाकीचंही बदलतं. रविवारी हाँगकाँगच्या सेंट्रल भागात चेटर रोड वाहनांना बंद असतो आणि पुठ्ठे अंथरून सुट्टीवरच्या घरकामगार बायकांचे घोळके बसतात. हा प्रसंग उचलून कुवेतमध्ये ठेवू नका. तिथल्या 2015 च्या कायद्यात साप्ताहिक सुट्टी आहे, कामाला दिवसाला 12 तासांची मर्यादा आहे, पासपोर्ट काढून घ्यायला बंदीही आहे. पण राहण्याचा परवाना मालकाशी बांधलेला, त्यामुळे न सांगता घर सोडलं की ‘फरार’ अशी नोंद होऊ शकते. सिंगापुरात सुट्टीच्या बदल्यात पैसे घेता येतात, मात्र 1 जानेवारी 2023 पासून महिन्यातून एक सुट्टी तरी द्यावीच लागते.

प्रश्न : वीस वर्षं राहिल्यावर नायिका हाँगकाँगची कायमची रहिवासी होते, असा शेवट चालेल?

उत्तर : नाही. इतर परदेशी माणसांना 7 वर्षांनी तो हक्क मागता येतो, परदेशी घरकामगारांना नाही. 2013 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने यावर शिक्कामोर्तब केलं.

प्रश्न : तिचे संवाद मोडक्या मराठीत लिहावेत का?

उत्तर : मुळीच नको. तिचं मोडकं बोलणं मालकिणीच्या भाषेपुरतं असतं. तिथे वाक्यं आखूड ठेवा, तेवढं पुरे. ‘मॅडम’ चालेल, आखाती घरांत मालकिणीला ‘मामा’ (म्हणजे आई), मालकाला ‘बाबा’ म्हणतात. मनात आणि मैत्रिणींशी ती फर्डं बोलू दे, खवचटही. एक तपासणी करून पाहा : तिचे सगळे संवाद वेगळ्या कागदावर उतरवा. निम्म्याहून जास्त वाक्यं ‘हो मॅडम’ छापाची निघाली, तर मैत्रिणीशी उसन्या पैशांवरून कडाक्याचं भांडण होतं असा एक प्रसंग घाला, आणि त्यात चूक तिचीच असू द्या.