बरणीतलं तळं : झाकण, डास आणि ‘सोडून देऊ का?’

पाऊस उघडीप द्यायला लागला की शाळांचे प्रकल्प सुरू होतात आणि माझ्या फोनवर बरण्यांचे फोटो येऊ लागतात. कॉफीच्या बाटल्या, लोणच्याच्या बरण्या, एकदा तर चक्क सलाईनची बाटली. तळ्याचं पाणी, थोडा गाळ, एखादी पाणवनस्पती भरायची, झाकण घट्ट लावायचं आणि आत काय चालतं ते महिनोन् महिने बघत बसायचं, एवढाच हा उद्योग. गोड्या पाण्यातले बारीक प्राणी शिकवण्यात माझी सारी नोकरी सरली, त्यामुळे लोक मला विचारतात, आणि विचारतात ते दरवर्षी तेच. म्हणून या वेळी सगळ्यांना एकदमच उत्तरं देते.

प्रश्न : झाकण पूर्ण बंद केलं तर आतले जीव गुदमरणार नाहीत का? मी झाकणाला खिळ्याने भोकं पाडली आहेत. (कोथरूड)

भोकं बुजवा, नाहीतर झाकण बदला. भोकातून पाणी उडून जातं, आणि मोठं असलं तर डासही आत येतो. उजेडात वनस्पती आणि शेवाळं प्राणवायू सोडतात; रात्री ती स्वतः, प्राणी आणि गाळातले जिवाणू मिळून तो वापरतात. हा हिशेब जुळला की झालं. तो जुळायला हवा म्हणून वनस्पती भरपूर, प्राणी थोडे, गाळ बोटभर आणि वर बरणीचा साधारण चौथा हिस्सा हवेसाठी मोकळा ठेवा. उत्तरेच्या खिडकीपाशी ठेवा. थेट ऊन नको. बंद काच उन्हात तापते आणि पुण्याच्या एप्रिलमध्ये एका दुपारीत आतलं सगळं उकडून निघतं. गुदमरून मेल्या म्हणून माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच बरण्या खरं तर भाजलेल्या असतात.

प्रश्न : नळाचं पाणी चालेल का? (हडपसर)

क्लोरीन उडून जाण्यासाठी वर फडकं बांधून एक दिवस ठेवलंत तर चालेल, पण मग त्यात जीव कुठून येणार?

प्रश्न : सिंहगडाच्या टाक्यातून पाणी आणावं म्हणतोय. स्वच्छ असतं. (धायरी)

आणू नका. ते लोक पितात, त्यात गाळाने माखलेल्या बाटल्या बुडवायच्या नसतात. सोसायटीच्या कमळाच्या कुंडीत हवं ते सगळं मिळेल. सोसायटीच्या सेक्रेटरींना तेवढं विचारा.

प्रश्न : पाण्यात पांढरट ठिपके झटके देत पोहतात. काहींच्या मागे दोन पिशव्या लटकतात. सासूबाई म्हणतात, हेच नारूचे किडे, बरणी फेकून दे. घरात लहान मूल आहे. (बिबवेवाडी)

सासूबाईंची आठवण निम्मी बरोबर आहे, आणि ती टिंगल करण्यासारखी नाही. हे ठिपके म्हणजे सायक्लॉप्स. डोक्याच्या मधोमध एकच डोळा. पिशव्या अंड्यांच्या, म्हणजे त्या माद्या. नारूचा जंत वेगळा. त्याची पिल्लं सायक्लॉप्सच्या पोटात वाढत आणि असं पाणी न गाळता प्यायलेल्या माणसाच्या पायातून साधारण वर्षभराने दीड-दोन हात लांबीचा जंत बाहेर पडे. तो काडीला गुंडाळत दिवसेंदिवस थोडा थोडा ओढून काढावा लागे. तो माणूस दुखरा पाय घेऊन पायविहिरीत उतरला की जंत पुन्हा पाण्यात पिल्लं सोडणार आणि फेरा चालू राहणार. मोडला तो कसा? मुख्यतः कापडाने पाणी गाळून, पायविहिरी बंद करून आणि पाण्यात औषध टाकून. त्यावर लसही नाही आणि जंत मारणारी गोळीही नाही. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त ठरवला.

तेव्हा तुमच्या बरणीतल्या सायक्लॉप्सपासून नारू होणार नाही. उलट त्याच्या काही जाती डासांच्या नुकत्याच जन्मलेल्या अळ्या खातात. व्हिएतनाममध्ये डेंग्यूविरुद्ध त्या पाण्याच्या टाक्यांत मुद्दाम सोडल्या गेल्या. पण तळ्याचं पाणी ते तळ्याचंच पाणी. बरणी मुलाच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा, हाताळल्यावर साबणाने हात धुवा. मुलाने ते पाणी तोंडात घेतलंच तर मला मेसेज करत बसू नका, बालरोगतज्ज्ञांना फोन करा.

प्रश्न : गाळात लालभडक किडे वळवळताहेत. डासांच्या अळ्या आहेत का? (वारजे)

गाळात नळ्या करून राहणारे लाल किडे बहुतेक चावऱ्या डासांचे नसतात. डासासारख्याच दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या एका माशीच्या त्या अळ्या, आणि लाल रंग हिमोग्लोबिनचा, तुमच्या-माझ्या रक्तात असतं त्याच कुळातलं. गाळात प्राणवायू कमी असतो, तो धरून ठेवायला त्याचा उपयोग होतो. डासाची अळी पृष्ठभागाशी येऊन श्वास घेते आणि बरणीला टिचकी मारली की वळवळत खाली जाते. तशी दिसली तर झाकण अजिबात उघडू नका. आठ-दहा दिवसांत डास आतच बाहेर येऊन आतच मरतील. झाकण आधीच उघडं राहिलं असेल तर क्षेत्रीय कार्यालयाच्या आरोग्य विभागाला कळवा. आणि ‘बघू पुढच्या आठवड्यात’ करू नका, डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला आठवडा पुरतो.

प्रश्न : ऑनलाइन ‘स्वयंपूर्ण इकोसिस्टिम’ मिळते. काचेचा बंद गोळा, आत कोळंब्या, खाणं घालायला नको. अडीच हजार रुपये. मुलीच्या वाढदिवसाला द्यावी का? (बाणेर)

पुस्तक द्या.

या गोळ्यांची कुळकथा मात्र ऐकण्यासारखी आहे. हवाई विद्यापीठातल्या क्लेअर फोल्सम यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस समुद्राचं पाणी, वाळू, शेवाळं आणि जिवाणू काचेत कायमचे बंद करून ठेवले आणि त्यांतलं जीवन वर्षानुवर्षं टिकलं. नीट वाचा : शेवाळं आणि जिवाणू. त्यात कोळंबी आली ती पुढे, कारण जिवाणू विकले जात नाहीत. परदेशी गोळ्यांत हवाई बेटांवरची एक लाल कोळंबी घालतात. ती इतकी काटक असते की मोकळ्या टाकीत दहा-दहा वर्षं जगते आणि अन्न कमी पडलं तरी लगेच मरत नाही. ‘दोन वर्षं टिकला गोळा’ असं जाहिरातीत लिहिलेलं असतं, तेव्हा ती दोन वर्षं उपाशीही असू शकते. आपल्याकडचे विक्रेते ती कोळंबीही घालत नाहीत. दुकानातली लाल चेरी कोळंबी किंवा गप्पी टाकून मोकळे होतात.

फायटर माशाचंही तेच. तो पृष्ठभागावर येऊन हवेतला प्राणवायू घेऊ शकतो, म्हणून ‘याला पेलाभर पाणी पुरतं’ असं दुकानदार सांगतो. पेल्यात तो मरत नाही याचा अर्थ तिथे तो बरा असतो असा नाही, आणि झाकण लावलंत तर ती हवाही संपते. बंद बरणीत मासा, कोळंबी, बेडकाची पिल्लं यांतलं काहीही घालायचं नाही. आधीच घातलं असेल तर आज बाहेर काढा आणि मासे पाहणाऱ्या पशुवैद्याला विचारा. विकणाऱ्याला विचारू नका.

प्रश्न : मॅडम, मी सहावीत आहे. माझ्या बरणीच्या काचेला एक हिरवी काडी चिकटली आहे, तिला दोऱ्यासारखे हात आहेत. ती हलते. ती काय आहे? तिचे तुकडे केले तर दोन होतात असं दादा म्हणतो. (सदाशिव पेठ)

शाब्बास! तुला हायड्रा सापडला. पुष्कळ मोठ्या माणसांनाही तो दिसत नाही, कारण बरणी हलवली की तो आक्रसून टाचणीच्या डोक्याएवढा होतो. तो हिरवा आहे कारण त्याच्या अंगात शेवाळाच्या पेशी राहतात. बरणी हलवू नकोस, पाच मिनिटं थांब आणि भिंग लावून बघ. एखादी पाणपिसू (उड्या मारत पोहणारा बारीक जीव) त्याच्या हातांना लागली की काय होतं ते लिहून ठेव.

दादा बरोबर सांगतो. १७४०च्या दशकात आब्राहाम ट्रेंबली नावाचे एक शिक्षक नेदरलँडमध्ये दोन लहान मुलांना शिकवत असत. त्यांना तिथल्या पाण्यात हायड्रा सापडला. ही वनस्पती की प्राणी, हे ठरवायला त्यांनी त्याचे तुकडे केले, तर प्रत्येक तुकड्याचा नवा हायड्रा झाला! तू मात्र ब्लेड घेऊ नकोस, विज्ञानाच्या बाईंना सांग. शाळेत सूक्ष्मदर्शक नसेल तर फोल्डस्कोपबद्दल त्यांना विचार. तो घडीच्या कागदाचा स्वस्त सूक्ष्मदर्शक आहे, मनु प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवलेला.

प्रश्न : पहिल्या आठवड्यात पाणपिसवा शेकड्यांनी होत्या. आता एकही नाही. माझी बरणी मेली का? (औंध)

नाही, आता ती सुरू झाली. पाणपिसूची मादी नराशिवायच पिल्लं देते. बरणीत खाणं मुबलक असेपर्यंत लेकीबाळींनी घर भरतं. भिंगातून तिचं धडधडणारं हृदय दिसतं, ते पाहिलं नसेल तर पुढच्या बरणीत नक्की पाहा. मग शेवाळाच्या सुट्या पेशी संपतात, गर्दी होते आणि अचानक नर जन्माला येतात. मादीच्या पाठीवर काळसर खोगिरासारखं काहीतरी दिसू लागतं. त्यात टणक अंडी असतात. ती गाळात पडून राहतात, वाळली तरी मरत नाहीत. तुमच्या तळाच्या गाळात ती असणारच. त्यानंतर दोन शिंपल्यांत बसून फिरणारे बारीक जीव, सायक्लॉप्स, काचेवरचं शेवाळ, असे पाहुणे बदलत जातात. तारीख घालून वहीत लिहा. काही महिन्यांनी दिसण्यासारखं फार उरणार नाही, पण म्हणून बरणी बिघडली असं नाही.

प्रश्न : झाकण उघडलं तर सडक्या अंड्यांचा वास आला. गाळ काळा आहे. (नाना पेठ)

पानं जास्त, उजेड कमी. बाहेर मोकळ्यावर नेऊन उघडा, नाक खुपसू नका. दमा असेल तर हे काम दुसऱ्याला सांगा.

प्रश्न : आम्ही पुणं सोडतोय. बरणीत पाणवनस्पती, गोगलगायी आणि दुकानातून आणलेले चार गप्पी आहेत. त्यांना मारवत नाही. पाषाण तलावात सोडून देऊ का? तेवढंच पुण्य. (पाषाण)

नाही.

या ‘नाही’वर मी थोडी जास्त बोलणार आहे. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. जांभळी फुलं सुंदर म्हणून लोकांनी ती हौसेने देशोदेशी नेली. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालात आली. आज मुळा नदीवर तिचा हिरवा गालिचा पसरतो, तो काढायला यंत्रं लावावी लागतात आणि त्याच्या आडोशाला डास वाढतात. सांडपाण्याने तिला खत मिळतं हे खरं, पण मुळात तिला पाण्यात कोणीतरी सोडलंच होतं ना? पाषाण तलाव रामनदीवर आहे. रामनदी मुळेला मिळते, मुळा मुठेला, मुळा-मुठा भीमेला आणि पुढे उजनी. तुमच्या चार गप्पींना एवढा रस्ता मोकळा आहे.

गोगलगायींचं तर लोकांच्या लक्षातही येत नाही. दुकानातल्या वनस्पतीला चिकटून जेलीसारखे अंड्यांचे पुंजके घरी येतात. शंख निमुळता असेल तर टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरून पाहा : तोंड डाव्या बाजूला उघडत असेल तर ती उत्तर अमेरिकेतून जगभर पसरलेली फायसा असण्याची शक्यता बरीच आहे. खात्री मात्र फोटोवरून करू नका. आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं केंद्र आहे किंवा जवळच्या कॉलेजातला प्राणिशास्त्र विभाग आहे, तिथे दाखवा.

‘महापालिकासुद्धा गप्पी सोडते की!’ हेही मला दरवेळी ऐकवलं जातं. डासांसाठी आरोग्य विभाग ते ठरावीक जागी सोडतो. तो त्यांचा निर्णय. तुमची बरणी म्हणजे आरोग्य विभाग नव्हे. आणि आता माझं सांगते. नोकरीच्या सुरुवातीला प्रात्यक्षिक संपलं की उरलेलं नमुन्यांचं पाणी मी मुलांना मागच्या ओढ्यात ओतायला सांगत असे. कोणकोणत्या तळ्यांचं पाणी त्या ओढ्यात गेलं, हे मला आजही सांगता येणार नाही.

आपण गणपती हौदात विसर्जन करायला शिकलो, तसंच हे आहे. गप्पी एखाद्या माहितीतल्या मत्स्यप्रेमीला द्या. वनस्पती वर्तमानपत्रावर पसरून चुरा होईपर्यंत वाळवा, मग ओल्या कचऱ्यात टाका. गाळावर उकळतं पाणी ओता, कारण मघाची खोगिरातली अंडी नुसती वाळवून मरत नाहीत. पाणी फडक्याने गाळून कुंडीच्या मातीत घाला, गटारात नको. फडकंही उकळा. गोगलगायी डबीत घालून रात्रभर डीप फ्रीजरमध्ये ठेवा. हे ऐकायला वाईट वाटतं, मान्य आहे. ते जमणार नसेल तर बरणी बंदच ठेवून सोबत न्या. आणि सामान हलवायच्या आदल्या रात्री विचारू नका, आत्तापासून तयारीला लागा.

प्रश्न : बरणी करून तीन दिवस झाले. पाणी गढूळ आहे. दोनदा बदललं, तरी तेच. आता काय करू? (कर्वेनगर)

झाकण लावा आणि पंधरा दिवसांनी विचारा.