'डिस्काउंट रेट'ला 'सवलतीचा दर' म्हणावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "कॉर्पोरेट फायनान्स शिकायला घेतलंय. मालमत्तेचं आणि गुंतवणुकीचं मूल्य काढण्याच्या मराठी टिपणांत 'डिस्काउंट रेट'साठी 'सवलत दर' आणि 'डिस्काउंटेड कॅश फ्लो'साठी 'सवलतीचा रोखप्रवाह' असं दिलंय. ही सवलत कोण कोणाला देतं? याहून बरा शब्द आहे का?"

सवलत कोणीच कोणाला देत नाही. म्हणूनच हा शब्द इथे बसत नाही. 'सवलत' मूळ अरबी 'सुहूलत'वरून आला. सुहूलत म्हणजे सुलभता, सोय. मराठीतही त्याच्याभोवती तोच अर्थ राहिला: नियमातून मिळालेली मोकळीक, किमतीत मिळालेली सूट. सवलतीला देणारा लागतो, घेणारा लागतो आणि देणाऱ्याची मर्जी लागते. मूल्यांकनात यातलं काहीच नाही. तिथला प्रश्न एवढाच असतो की पुढे कधीतरी हातात पडणाऱ्या पैशाचे आज किती धरायचे.

या क्रियेला मराठीत जुना, रुळलेला शब्द आहे: वटवणे. मुदती हुंडी, म्हणजे ठरलेल्या तारखेला पैसे देण्याचा लेखी कागद, मुदतीआधी पेढीवर नेली की पेढीवाला उरलेल्या दिवसांचे पैसे कापून बाकीची रोकड हातात ठेवतो. याला हुंडी वटवणं म्हणतात. कापलेली रक्कम म्हणजे वटाव किंवा वटणावळ. भविष्यातल्या देण्याचं आजच्या रोकडीत रूपांतर आणि मधल्या काळासाठी वजावट, या दोन्ही गोष्टी त्या एका क्रियापदात आल्या. इंग्रजी 'डिस्काउंट'चा मूळ अर्थही 'मोजताना वजा करणं' असाच आहे.

हा संबंध मी ओढूनताणून जोडत नाही. वर्तमान मूल्याचं, म्हणजे पुढच्या पैशाचे आज किती याचं, गणित वाढलंच मुळी सावकारी पेढ्यांवर. युरोपात व्याजाचे तक्ते पेढीवाले बराच काळ स्वतःपुरते जपून ठेवत. सायमन स्टेव्हिन या गणितज्ञाने 1582 मध्ये असे तक्ते छापून सगळ्यांना खुले केले. ज्या धंद्यात ही कल्पना वाढली, त्याच धंद्याचा आपला शब्द हाताशी असताना 'सवलत' उसनी आणायचं कारण मला दिसत नाही.

शब्द बदलल्याने समज कशी बदलते ते एका आकडेमोडीत पाहा. आज 250 गुंतवायचे आणि पुढची तीन वर्षं वर्षाअखेरीस 100-100 मिळणार. नुसती बेरीज 300, म्हणजे 50चा फायदा दिसतो. आता दर वर्षाची रक्कम 10 टक्क्यांनी वटवा, म्हणजे जितकी वर्षं थांबायचं तितक्या वेळा 1.10ने भागा: पहिल्या वर्षाचे 100 आज 90.91 वटतात, दुसऱ्याचे 82.64, तिसऱ्याचे 75.13. एकूण 248.69. गुंतवलेल्या 250पेक्षा 1.31 कमी, म्हणजे प्रकल्प नाकारायचा. तेच 9 टक्क्यांनी वटवलं तर 253.13 येतात आणि प्रकल्प घेण्याजोगा ठरतो. एका टक्क्याने निर्णय फिरला. (दोन्हींच्या मधे, 9.7 टक्क्यांच्या आसपास, वटवलेली बेरीज बरोबर 250 होते. तोच या प्रकल्पाचा अंतर्गत परतावा दर.)

'सवलत दर 9वरून 10 टक्के झाला' हे वाक्य नवख्याने वाचलं की त्याला वाटणार, सवलत वाढली, चांगलं झालं. 'वटावाचा दर वाढला' म्हटलं की कापले जाणारे पैसे वाढले आणि हाती कमी उरलं, हे आपसूक कळतं. शिकणाऱ्याला शब्दाने उलट दिशेला पाठवू नये, एवढी अपेक्षा तर रास्त आहे.

हा दर येतो कुठून, हेही शब्द निवडताना लक्षात घ्यायला हवं. तो कोणी मेहेरबानीने ठरवत नाही. हाच पैसा तितक्याच जोखमीच्या दुसऱ्या ठिकाणी लावला असता तर जो परतावा मिळाला असता, तो इथे सोडावा लागतो. तो सोडलेला परतावा म्हणजेच हा दर. जोखीम जास्त असली की वटाव जास्त. हुंडी लिहून देणाऱ्याची पत कमी असली की पेढीवालाही जास्तच कापतो.

मात्र 'वटाव' वापरताना एक फरक जपावा लागतो आणि तो किरकोळ नाही. हुंडीवर पेढी जे कापते ते दर्शनी किमतीवर, म्हणजे कागदावर लिहिलेल्या रकमेवर, सरळ हिशेबाने. 100ची, वर्षाच्या मुदतीची हुंडी 10 टक्क्यांनी वटवली तर 10 कापून 90 देतात. मूल्यांकनात 100ला 1.10ने भागतात आणि 90.91 येतात. एका वर्षात फरक 0.91चा, त्यामुळे नजरेत भरत नाही. मुदत दहा वर्षांची धरा. सरळ हिशेबाने दरवर्षी 10 याप्रमाणे पूर्ण 100 कापले जातात आणि हातात शून्य येतं. चक्रवाढीच्या भागाकाराने मात्र 38.55 उरतात. म्हणून पाठ्यपुस्तकात पहिल्यांदा हा शब्द आणताना 'चक्रवाढीने वटवणे' असं एकदा स्पष्ट सांगावं. पुढे नुसतं 'वटवणे' पुरतं.

कोणी म्हणेल, चेक वटला की पूर्ण रक्कम मिळते, वजावट कुठे असते? खरं आहे. 'वटणे' म्हणजे रोकड होणे, वजावट येते ती मुदतीमुळे. तारीख आलेला चेक पूर्ण वटतो, तसंच आज मिळणारे 100 आज 100च वटतात. सूत्रातही शून्य वर्षांसाठी हेच उत्तर येतं, त्यामुळे हा आक्षेप मला शब्दाच्या बाजूचाच वाटतो.

इतर पर्यायांचं म्हणाल तर 'बट्टा' अर्थाने अगदी जवळचा आहे. नाण्यांच्या अदलाबदलीत कापायच्या रकमेला तो पूर्वी सर्रास वापरत. आज मात्र तो ऐकला की नावाला लागलेला बट्टा आठवतो, म्हणून नको. 'कसर' जमाखर्चात चालते, पण तिथे ती बिलातल्या सुटीसाठी आहे. बिलातल्या त्या सुटीला 'सवलत'ही खुशाल म्हणा, तिथे देणारा खरोखरच असतो. रोखा (बाँड) दर्शनी किमतीपेक्षा कमी भावाने विकला जातो, तेव्हाही इंग्रजीत 'डिस्काउंट'च म्हणतात. तिथे 'दर्शनी किमतीपेक्षा कमी भावाने' असं सरळ लिहिलेलं सर्वांत स्वच्छ. इंग्रजीत एक शब्द तीन कामं करतो म्हणून मराठीतही एकच हवा, असं काही बंधन नाही.

तेव्हा 'डिस्काउंट रेट'ला 'वटाव दर' म्हणा, 'डिस्काउंटेड कॅश फ्लो'ला 'वटवलेला रोखप्रवाह'. गुंतवणूक किती वर्षांत वसूल होते हे नुसत्या बेरजेने पाहतात, तेव्हा तो 'न वटवलेला' रोखप्रवाह झाला. बोलताना 'डिस्काउंट रेट' म्हटलंत तरी काही बिघडत नाही, बँकेत आणि वर्गात तोच चालतो. लिहिताना तेवढा 'सवलतीचा रोखप्रवाह' टाळा. तो वाचून कुणालाही वाटेल की रोख पैसेच सवलतीत मिळताहेत.