अजगर पकडला, आता सोडायचा कुठे?

प्रश्न : आमच्या वाडीत कोंबड्यांच्या खुराड्यात आठ-नऊ फुटांचा आर, म्हणजे अजगर, शिरला. दोन कोंबड्या गिळल्यावर पोट फुगलं आणि तो जाळीत अडकला. वनखात्याची माणसं म्हणतात, खालच्या पऱ्याजवळ, म्हणजे ओढ्याजवळ, सोडू. गाव म्हणतं, थेट घाटावर चांदोलीच्या राष्ट्रीय उद्यानात नेऊन सोडा. कोणाचं खरं? (रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : वनखात्याचं. अजगर वर्षानुवर्षं एकाच टापूत फिरतो. पाणी कुठे, साळिंदराचं बीळ कुठे, थंडीत ऊन खायची कातळाची जागा कोणती, हे त्याला ठाऊक असतं. चांदोलीत यातलं काहीच ओळखीचं नसतं. मग तो आसरा शोधत भटकतो, रस्ते ओलांडतो, गाडीखाली येतो किंवा दुसऱ्याच कुणाच्या खुराड्यात सापडतो. शिवाय किनारपट्टीच्या उबेतला साप डिसेंबरात घाटमाथ्याच्या गारठ्यात टाकला, तर पोटातलं भक्ष्य पचत नाही.

सोडायची जागा अजगर सापडला तिथून काहीशे मीटर, फार तर एक-दोन किलोमीटर अंतरातली हवी. चार गोष्टी पाहा. उन्हाळ्यातही टिकणारं पाणी, जांभ्याच्या कपारी किंवा जुनी बिळं, दाट झाडी आणि जवळपास हमरस्ता किंवा कठडा नसलेली विहीर नसणं. भाजावळीची (पेरणीआधी पालापाचोळा जाळून जमीन भाजतात ती) आणि वणव्याची जागा उन्हाळ्यात टाळाच.

नुकतं खाल्लेला अजगर हलवला तर घाबरून भक्ष्य ओकतो, कारण भरल्या पोटाने त्याला पळता येत नाही. ओकताना अन्ननलिकेला इजा होऊ शकते. म्हणून शक्य असेल तर उरलेल्या कोंबड्या काढून घ्या, खुराड्याची एक फळी सैल करा, कुत्री बांधा आणि वनरक्षकाच्या देखरेखीखाली त्याला आपणहून जाऊ द्या. उचलावाच लागला तर दर तीन-चार फुटांवर एक माणूस हवा. मधलं पोट लोंबकळू देऊ नका. जाड सुती पोत्यात घालून तोंड बांधा, पोतं सावलीत ठेवा. प्लास्टिकचं पोतं नको, त्यात साप उकडून मरतो. गळ्यात घालून फोटो काढणं तर अजिबात नको.

खुराड्याला अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी बसवा. अंड्यातून निघालेलं पिल्लूच दीड-दोन फुटांचं असतं, ते त्यातून शिरत नाही. जाळीची खालची कड एक फूट बाहेरच्या बाजूने मातीत पुरा, म्हणजे मुंगूसही उकरून आत येणार नाही.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या वाहनतळात दहा-बारा फुटांचा अजगर सापडला. अगदी शांत आहे, पोटाखाली भाजल्यासारखे जुने डाग आहेत. एक सर्पमित्र म्हणतात, येऊरच्या जंगलात सोडू. चालेल का? (ठाणे)

उत्तर : नाही, थांबा. पोटाखालचे असे डाग बहुधा पिंजऱ्यात ऊब देण्यासाठी ठेवलेल्या विजेच्या गादीचे, म्हणजे पाळल्याची खूण. तो बर्मी अजगर असू शकतो. जवळून काढलेल्या स्पष्ट फोटोत डोळ्याखाली पाहा : आपल्या अजगराच्या वरच्या ओठाचा खवला डोळ्याला टेकतो, बर्मीमध्ये मधे बारीक खवल्यांची ओळ असते. अमेरिकेत फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स दलदलीत पाळीव बर्मी अजगर मोकळे झाले, वाढले आणि तिथले रॅकून, ऑपॉसम जवळजवळ दिसेनासे झाले. आपला असला, तरी पाळीव सापासोबत आलेले विषाणू आणि गोचिडांसारखे बारीक परजीवी जंगलातल्या सापांना लागू शकतात.

१९२६ या वनखात्याच्या क्रमांकावर कळवा आणि पंचनामा करून घ्या. भारतीय अजगर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला पकडणं, ठेवणं, हलवणं वनखात्याच्या परवानगीशिवाय कुणाला करता येत नाही, मग हेतू कितीही चांगला असो.

तुमच्याकडे सापडलेल्या अजगराचं घर म्हणजे केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता असलेलं संग्रहालय किंवा बचाव केंद्र. तिथेही आधी दोन-तीन महिने वेगळा ठेवून तपासणी व्हायला हवी. पिंजऱ्यात त्याला लांबसडक पसरता यावं, एक टोक ३०-३२ अंश आणि दुसरं पाच-सहा अंशांनी थंड असावं, अख्खा बुडेल एवढं पाणी असावं. उष्णतेचा दिवा जाळीबंद असलाच पाहिजे. उघड्या दिव्याला साप विळखा घालतो आणि भाजेपर्यंत हलत नाही. मोठ्या अजगराला दोन ते चार आठवड्यांनी एकदा खाणं पुरतं. जास्त दिलं तर चरबी वाढते. पिंजऱ्यात एकट्या माणसाने शिरायचं नाही, हा नियम पाळत नसतील तर दुसरं केंद्र शोधायला सांगा.

प्रश्न : बांधाच्या दगडांत अजगराची मादी अंड्यांवर बसली आहे. पाऊस जवळ आलाय, अंडी उचलून सुरक्षित जागी ठेवू का? (सिंधुदुर्ग)

उत्तर : हात लावू नका. मादी अंग थरथरवून अंड्यांना ऊब देते, साधारण दोन महिने. माणसांची वर्दळ वाढली की ती उठून जाते आणि अंडी गार पडतात. वनखात्याला कळवा, दहा-पंधरा मीटरवर दोरी बांधा, त्या बाजूचं काम थांबवा. मादी निघून गेली किंवा पाणी शिरलंच, तर वनखात्याच्या माणसांनी प्रत्येक अंड्यावर वरच्या बाजूला पेन्सिलने खूण करून त्याच स्थितीत उचलावं. अंडं उलटलं तर आतला जीव गुदमरतो. पिल्लं निघाल्यावर कात टाकून झाली, की याच बांधाच्या आसपास दोन-दोन, तीन-तीन करून सोडावीत.